लंबकानं केली पंचाईत, अर्थात छोट्या वस्तूंचा नाद

अर्धा_इंच (धागाकर्ता)

दोन महिने खपून एक घड्याळ केलं. लाकडी, उभं, लंबकाचं, जुन्या हवेलीत जिन्याशेजारी असतं ना, तसं. खरं असतं सात फुटांचं, माझं सात इंचांचं. बाहुलीघरं करणाऱ्यांचं हे ठरलेलं माप आहे: फुटाला इंच, म्हणजे एकास बारा. कपाट नाशपातीच्या लाकडाचं केलं. (सागवान घेतलं असतं तर त्याच्या रेषा एवढ्याशा दारावर नदीसारख्या दिसल्या असत्या. छोट्या कामाला बारीक पोताचं लाकूडच लागतं.) तबकडीमागे एका लेडीज मनगटी घड्याळाचं यंत्र बसवलं आणि खाली तारेच्या टोकाला पितळी गोळा. यंत्राचा आणि लंबकाचा काही संबंध नाही. लंबक शोभेचा आहे, बोटानं ढकलला की थोडा वेळ हलतो.

ढकलला, आणि घरातले सगळे हसायला लागले. टुकटुकटुकटुक! जिथं धीरगंभीर आजोबा हवे होते तिथं थंडीनं कुडकुडणारी चिमणी.

नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कळलं की चूक माझ्या हातांची नव्हती. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक साधारण एक मीटर लांब असतो. तो बारा पटींनी आखूड केला की सव्वाआठ सेंटिमीटर होतो. पण लंबकाचा वेग लांबीच्या वर्गमुळावर चालतो, त्यामुळे ठोके बाराच्या वर्गमुळाइतके, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट भराभर पडतात. कपाट लहान झालं, दार लहान झालं, बिजागरी लहान झाली, पण गुरुत्वाकर्षण आहे तेवढंच राहिलं.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. छोट्या वस्तू मला लहानपणापासून आवडतात. काड्यापेटीत मावणाऱ्या मोटारी, बाटलीतली जहाजं, जुन्या बारक्या गाड्या, एवढ्याशा पुस्तकांच्या प्रती, सगळंच. लोक म्हणतात, 'गोड दिसतात म्हणून'. मला ते पटत नाही. मांजराचं पिल्लू गोड दिसतं. पण १९५९ ची मिनी मोटार बघून जे होतं ते वेगळं आहे. तिथं कुणीतरी डोकं लावलेलं दिसतं आणि ते सगळं एका नजरेत मावतं. मोठ्या बसमध्येही डोकं लावलेलं असतंच, पण ते शोधायला बसभर फिरावं लागतं.

तुम्हाला काय वाटतं? आणि लंबकाचं काही करता येईल का?

वाळूचा_कण

धागा आवडला. चिमणीला दंडवत. फोटो टाका की!

अर्धा_इंच

फोटो टाकण्यात अर्थ नाही हो. फोटोत लंबक हलत नाही, त्यामुळे घड्याळ एकदम खरं वाटतं.

आडवं_इंजिन

मिनीचं नाव काढलंत, आता थोडं सहन करा.

तुमच्या घड्याळाची जी अडचण, तिच्या बरोबर उलटी अडचण मिनी आखणाऱ्या ॲलेक इसिगोनिसची होती. बाहुलीघरात माणूसही बारा पटींनी लहान असतो असं धरलेलं असतं. गाडीचं तसं नाही. गाडी लहान करता येते, गुडघे नाही करता येत. चार माणसं तेवढीच राहणार, त्यांचे खांदे तेवढेच, सामान तेवढंच. मग आक्रसायचं काय?

१९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि पेट्रोल कमी पिणारी, पण खरीखुरी चार माणसांची गाडी हवी असं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं ठरवलं. इसिगोनिसनं मोठी गाडी घेऊन ती दाबली नाही. त्यानं इंजिन आडवं बसवलं. गिअरबॉक्स शेजारी ठेवायला जागा उरेना, म्हणून तो इंजिनाच्या खाली, तेलाच्या टाकीतच घातला. दोघांना एकच तेल! चाकं दहा इंची केली आणि पार चार कोपऱ्यांत ढकलली, म्हणजे चाकांचे फुगवटे आत येऊन जागा खाणार नाहीत. स्प्रिंगांच्या जागी ॲलेक्स मोल्टननं रबराचे शंकू दिले. खिडक्या सरकत्या ठेवल्या, कारण काच खाली उतरवायची यंत्रणा नसली की दार पोकळ राहतं आणि त्या पोकळीत भलामोठा खण निघतो. एवढं सगळं केल्यावर दहा फुटांच्या गाडीत जमिनीचा जवळपास ८० टक्के भाग माणसांना आणि सामानाला मिळाला.

पत्रे जोडलेल्या कडा बाहेरच्या बाजूला आहेत, बिजागऱ्याही बाहेर. आजच्या डोळ्यांना कच्चं काम वाटेल. मला तेच आवडतं, कारण शिवण दिसते.

आणि हो, चूकही सांगतो. आडव्या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर (ठिणगीसाठी वीज वाटणारा भाग) पुढच्या जाळीच्या अगदी मागे आला. जोराचा पाऊस आला, समोरून पाणी उडालं, की गाडी फुर्रर्र करून बंद. एका मित्राच्या गाडीत मी हे भोगलंय. त्यानं शेवटी भांडी घासायचा रबरी हातमोजा घेतला, बोटं कापून त्यातून वायरी काढल्या आणि डिस्ट्रिब्यूटरला घातला. बॉनेट उघडलं की पाच बोटं तुम्हाला 'थांबा' म्हणायची.

तर्कट

लेख छान, पण जरा उलटी बाजू मांडतो.

या सगळ्या गाड्या लहान का होत्या? युद्धानंतर लोकांकडे पैसे नव्हते, पोलाद नव्हतं, पेट्रोल नव्हतं. १९५७ ची फियाट ५०० घ्या. ४७९ सीसी, दोन सिलिंडर, मागे इंजिन, हवेनं थंड होणारं. छप्पर कापडाचं, गुंडाळून मागे सारायचं. आज लोक त्या छपराखाली उन्हात फोटो काढतात आणि 'काय रोमँटिक' म्हणतात. अहो, तिथं पत्रा कमी लागावा हाही हिशेब होता! पेट्रोलची टाकी पुढे, तुमच्या पायांच्या पलीकडे. समोरून ठोकर बसली तर काय, हा प्रश्न त्या काळात कुणी फारसा विचारत नव्हतं.

गरजेला पन्नास वर्षांनी 'सौंदर्य' म्हणायचं आणि उसासे टाकायचे. मला हे सुस्थितीतल्या लोकांचं स्मरणरंजन वाटतं. ज्यांनी त्या गाडीत चार पोरं कोंबून प्रवास केला त्यांना विचारा.

गुंज

+१ तर्कट. पण मग काड्यापेटीतल्या मोटारींचं काय? तिथं कुठली टंचाई?

आडवं_इंजिन

@तर्कट, टाकीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्या गाड्यांतून महामार्गावर जा असं मी कुणालाही सांगणार नाही. २००१ ची नवी मिनी जुनीपेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त लांब आहे, २००७ ची नवी फियाट ५०० सुद्धा तशीच वाढली, आणि त्यात सुरक्षिततेचा मोठा वाटा आहे.

पण टंचाईतून सगळंच चांगलं निघतं असं कुठं आहे? त्याच काळात, त्याच टंचाईत, कितीतरी भिकार गाड्याही निघाल्या. त्यांच्यासाठी कुणी उसासे टाकत नाही. मेसरश्मिटची केआर २०० आठवते ती वेगळ्याच कारणानं. विमानाच्या कॉकपिटसारखी काच, एकामागे एक बसायचं. उलट जायचं तर इंजिन बंद करून ते उलट्या दिशेनं चालू करायचं. त्यामुळे पुढे चार गिअर, मागेही चार! म्हणजे मागे जायचा वेग पुढच्याइतकाच. हे टंचाईनं नाही सुचलं, कुणाच्या तरी खोडकर डोक्यातून आलं.

आणि आइल ऑफ मॅनची पील पी५० तर कळसच. ४९ सीसी, लांबी १३७ सेंटिमीटर, एक दार, एक माणूस. उलटा गिअर नाहीच. मागे एक मूठ आहे, उतरायचं, मूठ धरायची आणि गाडी उचलून फिरवायची.

वाळूचा_कण

गाडी पार्क करत नाहीत, ठेवतात. छत्रीसारखी.

नेढं

मोटारींतलं मला ओ की ठो कळत नाही, पण घड्याळाचं दुखणं नेमकं कळलं. माझं काम कापडाचं. बाहुलीघरातले पडदे, चादरी, कपडे.

कापडाचंही अगदी हेच होतं. खरा पडदा आपल्या वजनानं खाली पडतो, चुण्या आपसूक लोंबतात. तोच पडदा सात इंचांचा करा, तलम मलमल घ्या, तरी तो पुठ्ठ्यासारखा फुलारून उभा राहतो. कापड तेवढंच ताठ, पण त्याला खाली ओढणारं वजन काहीच नाही. म्हणून आम्ही फसवणूक करतो. पडदा ओला करायचा, एकेक चुणी टाचणीनं पाटावर खोचायची, खळ मारायची, वाळू द्यायचा. टाचण्या काढल्यावर जे दिसतं ते लोंबणं नसतं, लोंबल्याचं सोंग असतं. बाहुलीच्या अंथरुणावरची चादर तर बघूच नका. मेलीला कितीही समजवा, गादीला चिकटून बसत नाही. शेवटी मी कडेनं पातळ तार शिवते.

म्हणून अर्धा_इंच, तुमच्या लंबकालाही असंच काहीतरी सोंग आणावं लागणार.

'गोड दिसतं म्हणून आवडतं' याच्या विरोधात मी एक नाव पुढे करते: फ्रान्सिस ग्लेसनर ली. या बाईंनी १९४० च्या दशकात अमेरिकेत एकास बारा मापाची घरं केली आणि प्रत्येक घरात किमान एक मेलेलं माणूस ठेवलं. कुठं स्वयंपाकघर, कुठं न्हाणीघर, कुठं खोलीत लटकलेला मृतदेह. खिडक्या उघडतात, दिवे लागतात, भिंतीवरच्या कॅलेंडरला पानं आहेत. बाहुलीचे मोजे बाईंनी टाचण्यांवर विणले होते, विणायच्या सुया त्या मापाला फार जाड पडल्या असत्या. हेतू काय, तर पोलिसांना निरीक्षण शिकवायचं. खोलीचा पसारा इथं छोट्या पेटीत मावतो, बघणाऱ्याची नजर सुटत नाही. ती घरं बाल्टिमोरला अजून प्रशिक्षणासाठी वापरतात. यात गोंडस काय आहे? पण तुम्ही त्यांच्यासमोरून हलू शकणार नाही.

गुंज

बाप रे. रात्री वाचलं हे, उगीच.

तर्कट

@नेढं, हे उदाहरण जबरदस्त आहे. 'स्मरणरंजन' हा शब्द निम्मा मागे घेतो. निम्माच. गाड्यांबाबत अजून ठाम आहे.

भिंग

थोडं पुस्तकी बोलू का? मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉसनं १९६२ साली यावर फार नेटकं लिहिलंय. एरवी आपण एखादी गोष्ट समजून घ्यायला तिचे भाग वेगळे करतो आणि भागांकडून अख्ख्याकडे जातो. वस्तू लहान केली की क्रम उलटतो. अख्खी वस्तू आधी हातात येते आणि भाग नंतर दिसतात. धागाकर्त्याचं 'एका नजरेत मावतं' हे तेच.

दुसरं, त्या लंबकावरून आठवलं. १९८१ साली ऑल्टन डीलाँग या टेनेसी विद्यापीठातल्या संशोधकाचा प्रयोग 'सायन्स' मासिकात आला होता. लोकांना वेगवेगळ्या मापांच्या छोट्या खोल्या दाखवल्या, त्यातल्या बाहुलीच्या जागी स्वतःला कल्पा म्हणाले आणि अर्धा तास झालासं वाटलं की सांगा म्हणाले. खोली जेवढी लहान, तेवढा लोकांचा अर्धा तास लवकर भरला! एकास बारा मापात वेळ साधारण बारा पटींनी आक्रसला.

तर्कट

लोकांना आधीच 'स्वतःला बाहुली समजा' म्हणून सांगितलं, मग त्यांनी समजलं. यावर मी इमारत बांधणार नाही.

आणि हिशेबही जमत नाही. लंबक म्हणतो साडेतीन पट, हा म्हणतो बारा पट. म्हणजे बाहुलीला स्वतःचं घड्याळही मंद वाटत असणार.

भिंग

हा हा! मान्य. बाहुलीला विचारून सांगतो.

पडद्यामागे

मी एकेकाळी जाहिरातींच्या चित्रीकरणात सेट-मॉडेलवर काम केलंय. साडेतीन पटींचं गणित तिथं रोजचं होतं. छोटं जहाज, छोटी इमारत कोसळताना खरी वाटावी म्हणून कॅमेरा त्याच वर्गमुळाच्या पटीत जलद चालवतात. एकास बाराचं मॉडेल असेल तर सेकंदाला २४ ऐवजी ८३ च्या आसपास चौकटी. नंतर नेहमीच्या गतीनं दाखवलं की सगळं जडशीळ होऊन पडतं. तुमच्या घड्याळाचा व्हिडिओ असाच काढा, लंबक एकदम आजोबा होईल.

फक्त पाण्याचं काही करता येत नाही. थेंब लहान होत नाही. छोट्या जहाजावर उडालेला थेंब टेंगळाएवढा दिसतो आणि पितळ उघडं पडतं.

अर्धा_इंच

व्हिडिओची युक्ती झकास, पण घरात आलेल्या पाहुण्याला मी स्लो मोशन कसा दाखवू?

घड्याळजी

उशिरा आलो. निवृत्त आहे, चाळीस वर्षं भिंग डोळ्याला लावून काढली.

आधी एक गोष्ट सांगतो. १९२९ साली, आज जेझे-लकूल्त्र म्हणतात त्या स्विस घड्याळ कंपनीनं १०१ नावाचं घड्याळाचं यंत्र काढलं. एवढे सगळे भाग, आणि सगळं मिळून वजन सुमारे एक ग्रॅम. काडीपेटीच्या काडीचा तुकडा समजा. लोक विचारतात, इतकं लहान कशाला? मला विचाराल तर दागिन्याच्या आत लपावं म्हणून. छोटेपणाचा बाऊ करायचाच नव्हता, बाईच्या मनगटावर फक्त दागिना दिसायला हवा होता. कसबी काम कधीकधी न दिसण्यासाठी केलेलं असतं, हे या चर्चेत कुणी बोललं नाही म्हणून लिहिलं.

बाकी छोट्या वस्तूंच्या प्रेमाबद्दल मी फार बोलणार नाही. चिमट्यातून स्क्रू उडाला की प्रेम कुठल्या कुठे जातं. नव्यांना सांगून ठेवतो: उडाल्यावर पाय हलवायचा नाही, दिवे मालवायचे आणि बॅटरी फरशीला आडवी टेकवून झोत फिरवायचा. स्क्रू दिसत नाही, पण त्याची लांब सावली दिसते.

आता लंबक. तुम्ही सगळे मोठा लंबक लहान करायला बघताय. लहान जागेतला मंद लंबक दोनशे वर्षांपासून पियानोवर बसलाय: मेट्रोनोम, म्हणजे वाजवणाऱ्याला लय सांभाळायला ठोके देणारं यंत्र. वीतभर उंची, तरी मिनिटाला ४० ठोके देतो. कसा? काठी ज्यावर झुलते त्या खुंटीच्या खाली एक वजन, खुंटीच्या वरही एक वजन. वरचं वजन खालच्याला उलट ओढतं, झोका आळसावतो. तुमच्या घड्याळाच्या डोक्यावर टोपीसारखा भाग आहे ना? तबकडीमागे? तिथं लपवा वरचं वजन. बाहेरून फक्त खालचा गोळा दिसेल.

आडवं_इंजिन

घड्याळजी, हे म्हणजे गिअरबॉक्स तेलाच्या टाकीत घालणं झालं!

नेढं

आणि चादरीत तार. _/\_

घड्याळजी

जुनंच आहे हो सगळं. गोळा खुंटीपासून ८ सेंमी खाली असेल आणि वरचं वजन ३ सेंमी वर, तर वरचं खालच्याच्या सव्वादोन पटीनं सुरू करा. त्याहून जड करताना मिलिग्रॅमनं करा, नाहीतर सगळं उलटं होऊन डोक्यावर पडेल. आणि टेकू सुईच्या टोकाचा करा. खिळा चालणार नाही, घर्षण खाईल.

गुंज

वाचनखूण साठवली. निकाल कळवा.

अर्धा_इंच

तीन रविवार गेले.

पहिला: वरचं वजन जड झालं, लंबक उलटा होऊन टोपीत अडकला. घड्याळजींनी सांगितलं होतंच.

दुसरा: शिशाचा गोळा तासताना उडाला. दिवे मालवले, बॅटरी आडवी धरली. सापडला, शिवाय मागच्या वर्षी हरवलेली दोन पितळी हँडलंही सापडली.

तिसरा: सव्वादोन पट, ३ सेंमी वर, टेकू दोन सुयांचा. ढकलला. मोजले: साठ ठोके, पन्नास सेकंद. अगदी सेकंदाला एक नाही, पण चिमणी उडाली. टक... टक... टक. घरातलं कुणी हसलं नाही. धाकटी तर म्हणाली, 'हे बंद पडतंय का?'

एक नवी भानगड झालीय. लंबक आता इतका नाजूक झालाय की शेजारून कुणी चालत गेलं तरी बिचकतो, आणि पंखा लावला की थांबतोच.

घड्याळजी

थांबणारच. ओढ कमी केलीत ना! पुढे काचेचं दार लावा.

तर्कट

काचेची जाडी किती घेणार? एकास बारानं पाव मिलिमीटर येते.

अर्धा_इंच

मायक्रोस्कोपची कव्हर स्लिप. आजच दोन फुटल्या.